रिकामी बारी

१

पंजाबरावांचा दिवस ओठांपासून सुरू व्हायचा. तोंड धुतलं, चहा झाला, की ते उशाखालचं पितळी माउथपीस काढायचे आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून फुंकायचे. नुसतं माउथपीस. ट्रंपेट कधीचंच खोळीत घालून खिळ्याला टांगलेलं होतं. माउथपीसमधून काही सूर निघत नाही, डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी भुणभुण निघते. अमडापुरातल्या त्या गल्लीला सकाळचं दुसरं घड्याळ नव्हतं. पंजाबरावांचा भुंगा वाजला की बायका नळाला बादल्या लावायच्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे गेलेलं, छातीत दम नाही, कुणी धरल्याशिवाय उभं राहणं नाही, पण भुंगा कधी चुकला नाही.

"पाय गेले त चालते," ते म्हणायचे. "ओठ मेले की वाजवनारा मेला."

त्यांची नात समता जुन्या टेप आणि रेकॉर्डचा आवाज साफ करायचं काम करायची. खरखर काढायची, ओरखडे बुजवायचे. पुण्यात काही वर्षं काढून ती कोरोनाच्या साली कॉम्प्युटर आणि हेडफोन घेऊन घरी आली आणि इथेच राहिली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून पुढच्या खोलीच्या भिंतींना तिने जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. त्यावरून आजी, भिमाबाई, आल्यागेल्याला सांगायची, "पाव्हना आला त त्याले झोपाले सतरंजी, अन् भितीले गाद्या. असं हाये आमच्या घरी."

या खेपेचं काम मात्र घरचंच होतं. नवयुग ब्रास बँड, अमडापूर. नारायणराव मास्तर तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांमधून जॅझ वाजवून आले आणि गावच्या वरातीच्या बँडला त्यांनी ते येड लावलं. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, ड्रम, वीसेक माणसांचा ताफा. सगळ्यांनी मिळून वाजवायचं, मध्येच एकेकाने उठून आपल्या मनाचं वाजवायचं. त्याला बँडवाले बारी म्हणत. आपली बारी आली की उभं राहायचं, संपली की बसायचं. सत्तरच्या दशकात खामगावच्या एका कापसाच्या जिनिंग गिरणीच्या आवारात त्यांचा मोठा कार्यक्रम झाला, त्याची टेप झाली, तिची रेकॉर्ड निघाली. थोड्याशा प्रती होत्या, लोक विसरूनही गेले. आता कुठून कुठून शौकीन लोक ती रेकॉर्ड शोधत होते आणि पुण्याची एक कंपनी ती नव्याने छापणार होती. पंजाबराव त्या ताफ्यातला शेवटचा जिवंत माणूस.

जुन्या रेकॉर्डमध्ये एक खोट होती. पहिल्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात बँड ऐन रंगात आलेला असताना सगळं एकदम थांबायचं. ड्रमसुद्धा. थोडा वेळ काहीच नाही, आणि मग जणू काही झालंच नाही असं पुढे सुरू. रेकॉर्ड तिथं खराब आहे असं समता जन्मापासून समजून होती. मूळ टेप घरातच सापडली, तिच्यातही तेच. टेप कुणाच्या तरी हातून पुसली गेली असणार, असं म्हणून समताने तो रिकामा तुकडा कापला आणि दोन्ही टोकं जोडली. ठेक्याला ठेका असा नेमका बसला की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. खरं तर तिथंच शंका यायला हवी होती. चुकून पडलेलं भोक कधी मोजूनमापून पडत नाही.

२

सगळ्या प्रती छापण्याआधी कारखाना तपासायला दोन नमुने पाठवतो. ऐकायचे, ठीक असेल तर हो कळवायचं, मग छपाई. कुरियरवाल्याने ते नमुने एप्रिलच्या भर दुपारी आणून टाकले.

पंजाबरावांनी धुतलेला सदरा मागितला. टोपी मागितली. "घरातच त बसाचं हाये," भिमाबाई म्हणाली. "खामगावले बी बसूनच व्हतो," ते म्हणाले आणि टोपी घालूनच खुर्चीत बसले. समताने प्लेअरचं झाकण उभं केलं. काळपट प्लॅस्टिकचं ते झाकण, त्यात मागची सगळी खोली दिसायची. काम करताना मान न वळवता आबांवर नजर ठेवायला तिला ते बरं पडायचं. सुई टेकली. टाळ्या आल्या, मग मास्तरांनी पायाने दिलेला ठेका, आणि बँड उसळला. इतका स्वच्छ की समताच्या अंगावर काटा आला. झाकणात आबा चहाचा कप धरून डोलत होते.

तिसरं गाणं रंगात आलं तसा पंजाबरावांनी कप खाली ठेवला. त्या जागी ते नेहमीच कप खाली ठेवायचे. दोन्ही हात मांडीवर घेतले, पाठ ताठ केली. गाणं थांबलं नाही. जोडावरून सरळ पुढे गेलं.

"गेलं?" पंजाबराव म्हणाले.

"काय आबा?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी आत येता येता बाहेरच राहिल्यावर पाहतात तसं. मग म्हणाले, "पुढं लाव."

दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात पंजाबरावांची बारी होती. ट्रंपेट एकटंच वर चढत जातं आणि लोक शिट्ट्या मारतात. समताने ही बारी काम करताना इतक्यांदा ऐकली होती की तिला त्यातला प्रत्येक श्वास पाठ होता. म्हणूनच तिला ते लगेच कळलं. ट्रंपेटच्या खाली, फार लांबून, आणखी एक वाद्य वाजत होतं. बारीक, लाकडी आवाजाचं. क्लॅरिनेट.

नवयुग बँडच्या त्या कार्यक्रमात क्लॅरिनेट नव्हतं.

समता घाबरट नव्हती. तिच्या धंद्यात भुतांना नावं असतात. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो आणि गाण्यामागे गाण्याची सावली ऐकू येते. तसलंच काही असेल. कारखान्यात पाठवलेली फाइल तिने हेडफोन लावून तपासली. फाइलमध्ये क्लॅरिनेट नव्हतं, सावलीही नव्हती. ट्रंपेट एकटं होतं. मग ती कारखान्याची खोट, असं तिने ठरवलं. पण सॅक्सोफोनची सावली पडली तर ती सॅक्सोफोनचीच पडेल, नसलेल्या क्लॅरिनेटची कशी पडेल, हे तिला तिचंच डोकं विचारत राहिलं.

३

दुसऱ्या दिवशी तिने दुसरा नमुना लावला. कारखान्याची खोट असेल तर दोन्ही तबकड्यांत एकाच जागी असायला हवी. तशी ती होती, फक्त क्लॅरिनेट आता जवळ आलं होतं. काल ते जिनिंगच्या कुंपणापलीकडून आल्यासारखं वाटत होतं, आज बँडच्या मागे उभं होतं. तिने सुई उचलली आणि कालची पहिली तबकडी पुन्हा लावली. तिच्यातही ते पुढे आलेलं. तबकडीवर कोरलेला आवाज रात्रीतून हलत नाही. हे तिला हाताच्या दहा बोटांइतकं पक्कं ठाऊक होतं, आणि तरी ती ऐकत होती.

"आबा," तिने विचारलं, "त्या प्रोग्रामात क्लॅरिनेट कोन वाजवे?"

पंजाबराव खुर्चीत मागे रेलले होते. श्वास घेताना त्यांचे खांदे वर येत होते. "कोनीच नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी कोनीच नाही."

तेवढ्यात भिमाबाई स्वयंपाकघरातून आली. हाताला ज्वारीचं पीठ तसंच. दारात उभी राहून तिने कान दिला. ट्रंपेटची बारी चालू होती आणि तिच्या खालून तो लाकडी आवाज वाट काढत होता. भिमाबाईचा चेहरा भाऊबीजेच्या दिवसासारखा उजळला आणि लगेच विझला.

"अर्जुन असा बाहेर काऊन उभा हाये?" ती म्हणाली. "त्याले आत घ्या न."

समताने सुई उचलली. खोलीत फक्त कुलरची घरघर राहिली.

अर्जुन म्हणजे भिमाबाईचा भाऊ. समताने फोटोत पाहिलेला, कुरळ्या केसांचा. तो फार आधी वारला एवढंच तिला माहीत होतं. पंजाबरावांनी सांगितलं ते थांबत थांबत, मध्ये दम खात.

"साळा मंग झाला, दोस्त आधी व्हता. क्लॅरिनेट वाजवे. त्याच्यासारखी बारी कोनाची नाही. खामगावचा प्रोग्राम ठरला अन् हा तापानं गेला. लोक म्हनत, दुसरा पाहा. मास्तर म्हने, नाही. आपल्या बँडात जो गेला त्याची बारी कोनी घेत नाही. खुर्ची ठेवाची. त्याची बारी आली की साऱ्यायनं वाद्य ओठाले लावाचं अन् चूप राहाचं. त्याचं वाजवनं झालं की मंग आपुन उचलाचं." ते थांबले. "थे रेकॉर्ड खराब नाही व्हय, पोरी. थो अर्जुन हाये."

समता त्यांच्या खुर्चीजवळ आली. "मंग मले कधी सांगतलं काऊन नाही?"

"तुले काय सांगाचं? तू बी त त्या जागी चूप बसे. रांगत व्हती तईपासून. मले वाटे, तुले ठाऊक हाये."

खरं होतं ते. त्या जागी घरातलं कुणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. रेकॉर्ड खराब झाल्याची खंत म्हणून सगळे गप्प होतात, असं पोरवयात तिने मनाशी धरलं होतं. शिकून शहाणी झाली तरी ते तपासून पाहावं असं काही तिला सुचलं नाही.

"आबा, थे मी कापलं," ती म्हणाली. "जागा बुजवली मी."

पंजाबरावांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचार केला, उसाच्या बैलगाडीला वाट कुठून काढावी असा साधा विचार.

"त्याची जागा बुजवली," ते म्हणाले, "त आता थो कोनाची घेईन?"

४

पुढच्या सकाळी भुंगा वाजला नाही.

शेजारची झुंबरबाई रिकामी बादली घेऊन दारात आली. "काहो भिमाबाई, आज बुढ्याचा बाजा नाही वाजला?" समता धावत बाहेर आली. पंजाबराव रोजच्या खुर्चीत बसले होते, माउथपीस ओठांना लावलेलं, गाल फुगलेले. हवा ओठांच्या कडांनी फसफस करत निघून जात होती. ते पुन्हा पुन्हा फुंकत होते. शेवटी त्यांनी माउथपीस मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसले.

डॉक्टर येऊन गेले. छाती भरली आहे, वय आहे, असं म्हणाले. चिखलीला दवाखान्यात न्या म्हणाले. पंजाबरावांनी मान हलवली. "मले कुठी नेऊ नका."

समताने दार लावून घेतलं आणि तबकडी लावली. तिला ऐकायचं नव्हतं, पण न ऐकता तिला राहवेना. दुसरी बाजू, दुसरं गाणं. क्लॅरिनेट आता पुढे उभं होतं, अगदी माइकसमोर. छान वाजवत होतं, हे तर जास्तच वाईट. पण अवघडलेलं, परक्याच्या घरात वावरावं तसं वाजवत होतं. आणि त्याच्यामागे, तळाशी, ट्रंपेटचा एक धागा उरला होता. लोकांच्या शिट्ट्याही आता क्लॅरिनेटला पडत होत्या.

मागे दार उघडल्याचा आणि पाय ओढत आल्याचा आवाज झाला. भिंत धरून, भिमाबाईच्या खांद्यावर भार टाकून पंजाबराव दारात आले होते.

"अर्जुनवर रागावू नको," ते म्हणाले. "त्याचा काय दोष. जागा नाही त मानूस कुठी बी बसते." मग त्यांनी नातीचा हात धरला. त्या हातात अजून बऱ्यापैकी ताकद होती. "मराले मी भेत नाही, माय. लय झालं. पन माही बारी मले पाहिजे. जनमभर वरातीयत वाजवलं, लोक नाचले अन् घरी गेले. एकच बारी हाये माह्या नावाची. थे तरी राहू दे."

समता रडली नाही. तिने फोन उचलला.

शेखर त्या पुण्याच्या कंपनीचा माणूस, सज्जन आणि घाईतला. "छपाई थांबव," समता म्हणाली. "तिसऱ्या गाण्यातली मोकळी जागा परत टाकायची आहे."

"अगं, तीच काढली म्हणून तर सगळे खूश आहेत. जुन्या रेकॉर्डमधली खोट गेली, असं आपण जाहिरातीतही लिहिलंय."

"ती खोट नव्हती."

"मग काय होतं?"

काय सांगणार? ती म्हणाली, "वाजवणं होतं ते."

शेखरला ते पटलं नाही. मग त्याने समजूत काढली, लोक रेकॉर्ड परत पाठवतील म्हणाला, कारखान्यात पुन्हा नंबर लागायला वेळ जाईल म्हणाला. समताने सगळं ऐकून घेतलं. लहानपणी तिला शाळेत हट्टी म्हणायचे. तो हट्ट एवढी वर्षं कुठे वापरायचा ते कळत नव्हतं, आज कळलं. "टेप आमच्या घरची आहे आणि संमती आजोबांची," ती म्हणाली. "ती जागा परत आली नाही तर रेकॉर्ड निघणार नाही. नवा नमुना पाठव. आणि शेखर, लवकर."

५

कापलेला तुकडा टाकायचा नाही, ही समताची जुनी सवय. तो कॉम्प्युटरमध्ये तसाच होता. नुसत्या शून्याने जागा भरणं सोपं होतं, पण तिला ते पटेना. तिथं जे होतं तेच परत जायला हवं. म्हणून पहिल्यांदाच तिने तो तुकडा आवाज पूर्ण वाढवून ऐकला.

दुपार टळली होती. गाद्या ठोकलेल्या खोलीत बाहेरच्या एसटीचा हॉर्नही आल्यासारखा येत नव्हता. हेडफोनमध्ये आधी नुसती हवा आली. पण पुसलेल्या टेपला हवा नसते. ही उघड्या पटांगणातली हवा होती, माणसांनी भरलेली. शेकडो माणसं श्वास धरून बसल्याचा आवाज. कुठेतरी एक मूल कुरकुरलं आणि त्याला पदराखाली घेतलं गेलं. तंबूचं कापड फडफडलं.

मग खुर्ची करकरली. बसताना करकरते तशी नाही. अंगाचा भार उठून खुर्ची मोकळी होते तेव्हा जशी करकरते, तशी.

समताने आवाज आणखी वाढवला. मन चिंती ते वैरी न चिंती, असं स्वतःला बजावत तिने डोळे मिटले. टक. टक टक. अगदी हलका आवाज, माइकच्या पुढ्यात. तो कशाचा आहे ते कळायला तिला वेळ लागला नाही. हे आवाज पुसण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. वाद्याच्या पट्ट्यांवर बोटं पडत होती. कुणीतरी क्लॅरिनेट वाजवत होतं, फक्त फुंकर नव्हती. बोटं भरभर चढली, एका जागी लाडाने रेंगाळली, खाली उतरली. शेवटी एक लांब टप्पा, त्यात काहीच नाही, आणि खुर्ची पुन्हा करकरली. त्याच क्षणी सगळा बँड उसळला.

तिने हेडफोन काढले. दार उघडून बाहेर पळावं असं तिला फार वाटलं. दाराच्या पलीकडे आबांचा श्वास ऐकू येत होता, विहिरीतून बादली ओढावी तसा एकेक. ती पुन्हा खुर्चीत बसली. जोड उसवला आणि तो तुकडा होता तसा, एकही टक न पुसता, त्याच्या जागी ठेवला.

"झालं का?" आतून पंजाबरावांनी विचारलं.

"झालं आबा. आता कारखान्यातून येऊ द्या."

"येऊ दे," ते म्हणाले. "थांबून राह्यलो मी."

६

आणि ते खरोखर थांबून राहिले. मे महिना तापला. पंजाबरावांचं जेवण पेजेवर आलं, मग चमच्यावर. रोज सकाळी ते माउथपीस ओठांना लावायचे, हवा फसफसायची, आणि ते कुरियरच्या वाटेकडे डोळे लावायचे. शेखरने मनापासून कबूल केलं नव्हतं, पण शब्द पाळला. नवा नमुना आला.

"खुर्ची ठेव," पंजाबराव म्हणाले. समताने त्यांच्या बाजूला दुसरी खुर्ची ठेवली, रिकामी. भिमाबाईने तिच्यावरची धूळ पदराने पुसली आणि स्वतः दारात उभी राहिली. पंजाबरावांनी सदरा, टोपी घातली, माउथपीस मुठीत घेतलं. समताने झाकण उभं केलं आणि सुई टेकवली.

तिसरं गाणं रंगात आलं आणि सगळं थांबलं. ड्रमसुद्धा. घरात कुणी हललं नाही. झाकणात आबा दिसत होते. त्यांनी मान वळवून वर पाहिलं होतं, बाजूच्या खुर्चीच्या वर, उभ्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. ते हसत होते. रिकामी खुर्ची किंचित करकरली, की ते रेकॉर्डमध्येच होतं, हे समताला सांगता आलं नसतं. मग बँड उसळला आणि पंजाबरावांनी सोडलेला श्वास तिला मागे स्पष्ट ऐकू आला. कितीतरी दिवसांनी पूर्ण श्वास.

"आला," भिमाबाई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

समताला हायसं वाटलं. तिने बाजू पालटली. पहिलं गाणं गेलं. दुसरं सुरू झालं. क्लॅरिनेटचा कुठेही मागमूस नव्हता. आबांची बारी आली. ट्रॉम्बोननी वाट करून दिली, ड्रमने तो ओळखीचा दणका दिला, आणि सगळं थांबलं.

समता वाट बघत राहिली. ट्रंपेट आलं नाही. तबकडी फिरत होती, सुई चालत होती, आणि त्या जागी शेकडो माणसं श्वास धरून बसल्याची तीच हवा होती. ही जागा तिने केली नव्हती. फाइलमध्ये ती नव्हती. सुई उचलायला तिचा हात पुढे झाला आणि तिची नजर झाकणाकडे गेली.

झाकणात दोन खुर्च्या दिसत होत्या. एकीत कुरळ्या केसांचं कुणीतरी बसलं होतं. दुसरी रिकामी होती, आणि तिच्यासमोर एक माणूस उभा होता. कुणाच्याही आधाराशिवाय, ताठ, कोपर उचललेलं, मान मागे टाकलेली.

समताने मागे वळून पाहिलं. पंजाबराव खुर्चीत बसलेले होते. टोपी नीट, डोळे मिटलेले, माउथपीस ओठांना लावलेलं. बाजूची खुर्ची रिकामी होती.

"आबा," ती म्हणणार होती.

"चूप," दारातून भिमाबाई म्हणाली. तिचा आवाज फुटत होता, पण तिने हात वर केला. "त्याईची बारी हाये."

समताने हात मांडीवर घेतले. बारी संपेपर्यंत तिने पुन्हा झाकणाकडे पाहिलं नाही. मग बँड उसळला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि माउथपीस जमिनीवर पडून घरंगळत तिच्या पायाशी आलं.

आठवडाभराने शेखरचा फोन आला. आधी त्याने आजोबांबद्दल हळहळ व्यक्त केली. मग चाचरत म्हणाला, "आत्ता बोलावं की नाही कळत नाही. पण माझ्याकडच्या नमुन्यात दुसऱ्या बाजूला ट्रंपेटचा सोलोच नाहीये. नुसती मोकळी जागा आहे. मी फाइल तपासली, फाइलमध्ये वाजतंय. कारखान्याने घोळ घातलाय. मी परत करून घेतो, तू काळजी करू नकोस."

समता पुढच्या खोलीत बसली होती. पुण्यातही, तिने तोंड न उघडता, तीच जागा तशीच मोकळी होती. ती रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. 

"परत करू नको," ती म्हणाली. "दोन्ही जागा तशाच ठेव."

"अगं, पण लोक म्हणतील रेकॉर्ड खराब आहे."

"म्हणू दे. मीही इतकी वर्षं तेच म्हणायचे." तिने नाक पुसलं. "आबांची बारी आहे ती. कुणी घ्यायची नाही. छाप तू."